शिवेपलीकडचा शेजार

गावात पटकीची साथ शिरली म्हणजे जुन्या काळी महाराष्ट्रातल्या कित्येक खेड्यांत मरीआईचा गाडा काढीत असत. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात देवीची मूर्ती किंवा नुसताच शेंदूर फासलेला तांदळा, भोवती हिरव्या बांगड्या, खण, लिंबे, दहीभाताचा नैवेद्य आणि पुढे हलगीचा गजर, असा हा लवाजमा वेशीतून निघून शिवेपर्यंत जाई. आणि तेथे, शेजारच्या गावाच्या शिवारात तो गाडा लोटून देऊन, मागे वळून न पाहता, मंडळी आपापल्या घरी परतत. पलीकडचे गावकरीही काही दूधखुळे नसत. ते एक तर लाठ्याकाठ्या घेऊन शिवेवर आधीच पहाऱ्याला बसलेले असत, नाही तर रातोरात तोच गाडा उचलून पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडीत. आणि अशा रीतीने ती देवी एका पांढरीतून दुसऱ्या पांढरीत मजल दरमजल करीत, आपल्याला कोणीच ठेवून घेत नाही हे पाहत पाहत, मुलूखभर हिंडत राही.

या चालीला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे, आणि इंग्रजी शिकलेल्या आमच्या दोन-तीन पिढ्या तिला हसल्याही. परंतु साथीच्या दिवसांत मोठमोठ्या राष्ट्रांनी एकमेकांशी जो व्यवहार केला त्याचा इतिहास चाळू लागलो की हे हसू ओठांवरच विरून जाते. कारण गाड्याच्या जागी जहाज, हलगीच्या जागी राजाज्ञा आणि शिवेवरच्या लाठ्यांच्या जागी बंदुका एवढाच काय तो फरक दिसतो. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या व्यापारी नगराने १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थोपवून धरण्याचा कायदा केला. पुढे त्या तिसांचे चाळीस झाले आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटीन’ हा शब्द जगभर रूढ झाला. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या सम्राटांनी तुर्कांच्या मुलखाला लागून असलेल्या आपल्या सरहद्दीवर चौक्यांची जी अखंड रांग उभारली होती, तिच्यावर प्लेगच्या काळात प्रवाशाला चौऱ्याऐंशी दिवसांपर्यंत अडकवून ठेवीत, आणि चोरवाटेने ओलांडू पाहणाऱ्यावर गोळी झाडण्याची मुभा पहारेकऱ्यांना होती. या सगळ्या बंदोबस्तामागची बुद्धी मरीआईच्या गाड्यामागच्या बुद्धीहून निराळी नव्हती: रोग हा नेहमी पलीकडून येतो, आणि आला तर तो पलीकडेच परत जावा.

हा बंदोबस्त सर्वथैव व्यर्थ होता असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या काळी रोगाचे कारणच ठाऊक नव्हते, त्या काळी माणसांची ये-जा रोखणे हा एकच उपाय हाती होता आणि तो काही वेळा लागूही पडला. माझे म्हणणे इतकेच आहे की शेजाऱ्याविरुद्ध करावयाचा बंदोबस्त आणि शेजाऱ्यासह करावयाचा बंदोबस्त हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि पहिल्याचा इतिहास जितका लांब, तितका दुसऱ्याचा आखूड आहे. तो आखूड इतिहास हाच पुढील पानांचा विषय आहे.

त्याचा आरंभ सामान्यतः १८५१ सालापासून धरतात. त्या वर्षी जुलै महिन्यात पॅरिस येथे बारा राष्ट्रांची आरोग्यपरिषद भरली. प्रत्येक राष्ट्राने दोन प्रतिनिधी पाठविले होते, एक वैद्य आणि एक मुत्सद्दी; आणि मौज अशी की दोघांना स्वतंत्र मत असल्यामुळे एकाच देशाचा वैद्य एका बाजूला आणि मुत्सद्दी दुसऱ्या बाजूला असा देखावा दिसणे अशक्य नव्हते. पटकी ही स्पर्शजन्य आहे की हवेतून उपजते यावर सहा महिने काथ्याकूट झाला. ज्यांचा व्यापार मोठा त्यांना क्वारंटीन नको होते, ज्यांना भीती मोठी त्यांना ते हवे होते, आणि वैद्यकशास्त्राचे प्रमाण दोघेही आपापल्या सोयीने देत होते. त्या परिषदेतून तत्काळ उपयोगाचे असे काहीही निघाले नाही. तरीही आपल्या दारातला रोग ही आपली एकट्याची खाजगी बाब नव्हे, एवढे तरी त्या बारा राष्ट्रांनी एका टेबलाभोवती बसून मान्य केले.

अशाच पुढच्या एका परिषदेचे निमित्त आपल्या घरचे होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या तापाचे रोगी ओळखले आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने, म्हणजे प्लेग या नावाने, संबोधिले. त्यानंतर चार-पाच महिन्यांतच, १८९७ च्या आरंभी, युरोपातील राष्ट्रे व्हेनिसला जमली, ती मुंबईचा प्लेग आपल्या बंदरांत येऊ नये याचा विचार करण्याकरिता. मुंबईच्या माणसांचे काय करावे, हा प्रश्न त्या बैठकीच्या पटावर नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत हिंदुस्थान सरकारने साथरोगाचा जो कायदा केला तो चार कलमांचा. त्यात अंमलदारांना अधिकार भरपूर आणि रयतेला दिलासा शून्य. त्या कायद्याखाली पुण्यात काय घडले हे मराठी वाचकाला सांगावयास नको, आणि त्याच साथीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, हेही तो जाणतो. जवळजवळ सव्वाशे वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या साथीत तोच कायदा पुन्हा दप्तरातून बाहेर काढण्यात आला. कायदे आपल्याकडे फार दीर्घायुषी असतात.

आता ज्या प्रसंगामुळे या विषयाकडे माझे लक्ष प्रथम वेधले, त्याकडे वळतो. हा प्रसंग आपल्या देशातला नव्हे. तो ऱ्हाईन नदीच्या काठचा आहे, आणि तो नीट समजण्यासाठी त्या काठाची पूर्वपीठिका थोडी सांगणे अवश्य आहे. नदीच्या पश्चिमेस फ्रान्सचा आल्सास प्रांत, पूर्वेस जर्मनीचे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य, आणि दक्षिणेकडे नदी जेथे वळण घेते तेथे स्वित्झर्लंडचे बाझल शहर. १८७१ ते १९४५ या पाऊणशे वर्षांत आल्सासचे मालक चार वेळा बदलले. म्हणजे एकाच घरात, एकाच खाटेवर आयुष्य काढलेल्या म्हातारीचे राष्ट्रीयत्व, तिने उंबरठाही न ओलांडता, चार वेळा बदलले. ज्या नदीसाठी इतके रक्त सांडले तिच्यावर पुढे पूल झाले, त्या पुलांवरची तपासणी उठली, आणि २०१७ साली तर स्ट्रासबुर्गची ट्रॅम नदी ओलांडून पलीकडच्या केल गावात जाऊ लागली. इकडे राहावे आणि तिकडे चाकरीला जावे, तिकडे स्वस्त मिळते म्हणून तिकडे बाजारहाट करावी, सोयरीक दोन्हीकडे जुळावी, असा त्या लोकांचा नित्यक्रम झाला. नव्या पिढीला सरहद्द म्हणजे नकाशावरची शाईची रेघ, याहून अधिक काही वाटत नसे.

२०२० च्या फेब्रुवारीत, कोरोनाच्या साथीच्या तोंडावर, म्युलूझ या आल्सासमधील शहरात एका ख्रिस्ती पंथाचा काही दिवसांचा मेळावा भरला. दूरदूरचे भाविक आले, एकत्र जेवले, एकत्र भजन केले आणि आपापल्या गावी गेले. त्यांच्याबरोबर काय गेले हे मार्च उजाडल्यावर कळले. पाहता पाहता म्युलूझ आणि कोल्मार येथील अतिदक्षता विभागांतील खाटा भरल्या आणि श्वसनयंत्रे पुरेनाशी झाली. ११ मार्चला जर्मनीच्या साथरोगसंस्थेने तो सारा फ्रेंच प्रदेश धोक्याचा म्हणून घोषित केला, आणि १६ मार्चच्या सकाळी आठ वाजता, पंचवीस वर्षे ज्या पुलांवर नित्याची तपासणी नव्हती त्या पुलांवर जर्मन पोलीस उभे राहिले. लहान वाटा अडसर टाकून बंद झाल्या. मोठ्या नाक्यांवर ज्याच्यापाशी कामाचा दाखला असेल त्यालाच वाट मिळू लागली. हा हुकूम बर्लिनहून सुटला हे खरे, पण केवळ बर्लिनची ती लहर होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण सरहद्दीवरच्या काही राज्यांचीही त्याला मनापासून संमती होती. घाबरलेला माणूस प्रथम दार लावून घेतो. याबद्दल त्याला फारसा दोष देता येत नाही.

दोष किंवा श्रेय त्याच्या पुढच्या कृतीवरून ठरते. म्युलूझचे रोगी हलविण्यासाठी फ्रेंच सरकारने लष्करी विमान आणले आणि १८ मार्चला सहा अत्यवस्थ रोग्यांना थेट भूमध्य समुद्राच्या काठी, देशाच्या दुसऱ्या टोकाला नेले. रुग्णालयाच्या आवारात, जेथे एरवी मोटारी उभ्या राहत, तेथे लष्कराने तीस खाटांचे तंबूतले रुग्णालय उभारण्यास घेतले. पुढे आगगाडीच्या डब्यांत श्वसनयंत्रे बसवून रोगी पश्चिमेकडे धाडण्यात आले. हे सगळे प्रयत्न स्तुत्य होते यात शंका नाही. परंतु नकाशा उघडून पाहणाऱ्याला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही, ती ही की म्युलूझहून तासाभराच्या वाटेवर फ्रायबुर्ग येथे विद्यापीठाचे मोठे रुग्णालय होते, तेथे खाटा मोकळ्या होत्या, आणि मध्ये फक्त एक नदी होती.

ती नदी ओलांडण्याचे धैर्य प्रथम राजधान्यांना झाले नाही. आल्सासच्या दक्षिण भागाच्या, म्हणजे ओ-ऱ्हँ जिल्ह्याच्या निर्वाचित मंडळाच्या अध्यक्षा ब्रिजित क्लिंकेर यांनी नदीपलीकडचे मुख्यमंत्री विनफ्रीड क्रेचमान यांना आणि बाझलच्या अधिकाऱ्यांना साकडे घातले. जिल्हा पातळीवरच्या व्यक्तीने परराष्ट्राच्या मुख्यमंत्र्याकडे मदत मागावी, हे आपल्याकडच्या रीतिरिवाजाप्रमाणे मर्यादेचे उल्लंघनच ठरले असते. तिचा अर्ज आधी विभागाकडे, विभागातून मंत्रालयाकडे, तेथून दिल्लीकडे जाऊन ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन परत आला असता, आणि तोवर अर्जातील रोगी परलोकी गेले असते. तेथे तसे झाले नाही. २१ मार्चला, म्हणजे नाकेबंदीच्या सहाव्या दिवशी, बाडेन-व्युर्टेम्बर्ग सरकारने आपल्या रुग्णालयांना श्वसनयंत्राच्या मोकळ्या खाटांवर फ्रेंच रोगी घ्यावेत अशी विनंती केली; फ्रायबुर्ग, हायडेलबर्ग, मानहाइम आणि उल्म येथील विद्यापीठांच्या रुग्णालयांनी तयारी दाखविली, आणि ज्या पुलांवर माणसांना अडविले जात होते त्याच पुलांवरून रुग्णवाहिका पलीकडे जाऊ लागल्या. स्वित्झर्लंडच्या बाझल-शहर, बाझल-ग्रामीण आणि युरा या तीन प्रांतांनी प्रत्येकी दोन रोगी घेतले. दोन ही संख्या वाचून कोणी नाक मुरडू नये. स्वतःच्या दारात साथ येऊन उभी असता, उद्या आपल्याच माणसाला लागेल ती खाट परक्याला देणे म्हणजे काय, हे ज्यांनी त्या काळात एका खाटेसाठी शहरभर दूरध्वनी फिरविले त्यांना तरी समजावून सांगावे लागणार नाही. पाठोपाठ झारलँड राज्य पुढे आले, चिमुकले लक्झेंबर्ग पुढे आले. वसंत सरेपर्यंत शंभराहून अधिक फ्रेंच रोगी जर्मन रुग्णालयांत उपचार घेऊन गेले, काही तेथेच वारले, आणि त्यांचा खर्च जर्मन सरकारने आपल्या अंगावर घेतला.

आता या ठिकाणी एक शंका येते, आणि ती मलाही पुष्कळ दिवस सतावीत होती. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात २२ जानेवारी २०१९ रोजी आखेन येथे तह झाला होता, त्यात सरहद्दीवरील प्रदेशांच्या सहकार्याचे एक सबंध प्रकरण होते, आणि तो बरोबर एक वर्षाने, म्हणजे साथीच्या केवळ दोन महिने आधी, अमलात आला होता. मग हे जे झाले ते या तहामुळेच झाले, असे का म्हणू नये? तसे म्हणता येत नाही, कारण तो तह अस्तित्वात असतानाच पूल बंद झाले. शिवाय परदेशी रोग्याच्या उपचाराचा खर्च, वाहतूक आणि कागदपत्रे यांविषयी युरोपीय आयोगाने सूचनापत्रक काढले ते ३ एप्रिलला, म्हणजे पहिली रुग्णवाहिका पलीकडे जाऊन दोन आठवडे होत आल्यावर. तेव्हा कामाला आली ती वेगळीच वस्तू, आणि ती कोणत्याही करारनाम्यात लिहिलेली नव्हती. दोन्ही काठांवरचे वैद्य एकमेकांना ओळखत होते. केल येथे आरोग्यविषयक सहकार्यासाठी एक लहानसे कार्यालय काही वर्षांपासून चालू होते. त्याच्या बैठका होत, त्यांत अहवाल वाचले जात, कॉफी प्यायली जाई, आणि बाहेरच्या माणसाला वाटावे की हा पैशाचा आणि वेळेचा शुद्ध अपव्यय आहे. नगराध्यक्षांना एकमेकांची भाषा येत होती. कोणाला दूरध्वनी करावयाचा हे शोधण्यात रात्र गेली नाही. निवांत वर्षांत जमविलेली ओळख हेच संकटाच्या रात्रीचे भांडवल असते, आणि ते ऐनवेळी कोणत्याही खजिन्यातून उसने मिळत नाही, हा या पुस्तकाचा मुख्य सिद्धान्त आहे. वाचकाने तो पुढील प्रकरणांत पुन्हा पुन्हा कसास लावून पाहावा.

या सिद्धान्ताला उत्तरेकडचा एक दाखला चांगला बळकटी देतो. नेदरलंड्स आणि जर्मनी यांच्या सरहद्दीवर ग्रोनाऊ येथे १९५८ साली दोन्हीकडच्या नगरपालिकांनी मिळून ‘युरेजिओ’ नावाची एक संघटना काढली. युरोपातील अशा प्रकारची ती पहिली. सहा दशके तिने शाळांच्या सहली, बसचे मार्ग, अग्निशामक दलांचे संयुक्त सराव असली नीरस कामे केली. २०२० च्या मार्चमध्ये जर्मनीने फ्रान्सकडची सरहद्द आवळली, ऑस्ट्रियाकडची आवळली, डेन्मार्ककडची आवळली. पण नेदरलंड्स आणि बेल्जियम यांच्या बाजूला तशी तपासणी बसली नाही. तेथे नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया राज्याने शेजारच्या दोन्ही देशांबरोबर संयुक्त मंडळ नेमून रोजचा व्यवहार बसूनच मिटविला, आणि नेदरलंड्समधल्या रोग्यांसाठी जर्मन खाटा शोधून देण्याचे काम म्युन्स्टरच्या विद्यापीठ रुग्णालयाने उचलले. ओळीने नाव घ्यावे असा एकही वीरपुरुष या कथेत नाही. त्यामुळेच ती वर्तमानपत्रांत फारशी आली नसावी.

बार्ले नावाच्या गावात तर या गंभीर नाटकात थोडे प्रहसनही घडले. त्या गावातून बेल्जियम आणि नेदरलंड्स यांची हद्द अशी काही वेडीवाकडी गेली आहे की एकाच कापडदुकानाचा अर्धा भाग एका देशात आणि अर्धा दुसऱ्या देशात आहे. बेल्जियमने दुकाने बंद ठेवण्याचा हुकूम काढला, नेदरलंड्सने काढला नाही. तेव्हा दुकानाच्या मध्यावर पट्टी बांधून अर्धे दुकान बंद आणि अर्धे चालू ठेवण्यात आले. विषाणूने त्या पट्टीचा मान किती राखला ते कळण्यास मार्ग नाही.

मात्र या कथेतली कटुता मी झाकून ठेवणार नाही. ज्या दिवसांत झारलँडच्या रुग्णालयांत फ्रेंच रोग्यांवर प्राणपणाने उपचार चालू होते, त्याच दिवसांत तेथे कामाला येणाऱ्या फ्रेंच माणसांना रस्त्यात शिव्या देण्याचे, त्यांच्यावर अंडी फेकण्याचे प्रकार घडले. आणि त्या राज्याच्या एका मंत्रीणबाईंना आपल्या फ्रेंच मित्रांची जाहीर क्षमा मागावी लागली. कोन्स्टान्झ आणि क्रॉयत्सलिंगेन ही दोन शहरे, एक जर्मन आणि एक स्विस, एकमेकांत इतकी मिसळलेली की एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते ते परक्याला उमगू नये. त्यांच्यामधले जुने कुंपण थोडी वर्षे आधीच समारंभपूर्वक काढून तेथे शिल्पे उभारली होती. तेथे मार्चमध्ये पुन्हा तारेचे कुंपण आले; ताटातूट झालेली जोडपी जाळीतून हात हाती घेऊ लागली तेव्हा पहिल्या कुंपणापासून दोन पावलांवर दुसरे कुंपण घालण्यात आले, म्हणजे बोटेही बोटांना लागू नयेत. ही दोन्ही कुंपणे मेच्या मध्यावर उतरविली. खाटा देणारा शेजारी आणि अंडी फेकणारा शेजारी एकाच गल्लीत राहतो, हे ध्यानात ठेवूनच हा विषय हाती घ्यावा, नाही तर त्याचे कीर्तन होते.

परंतु मराठी वाचक विचारील की या ऱ्हाईनपुराणाशी आमचा संबंध काय? संबंध दाखविण्यासाठी मी त्याला एका रस्त्याने घेऊन जातो, आणि तो रस्ता त्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. पनवेलहून निघून कोकणातून, गोव्यातून, कारवारावरून कन्याकुमारीला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग, ज्याला आपण मुंबई-गोवा रस्ता म्हणतो, तो मंगळूर ओलांडून तळपाडी येथे कर्नाटकातून केरळात शिरतो. तळपाडीपलीकडे कासरगोड जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा मुलूख दक्षिण कानडा जिल्ह्याचा भाग होता आणि त्याचे सदर ठिकाण होते मंगळूर. नकाशावर नवी रेघ ओढली गेली, कचेऱ्या दक्षिणेकडे गेल्या. पण आजारी माणूस पूर्वीच्याच वाटेने मंगळूरच्या रुग्णालयांकडे जात राहिला, कारण ती पन्नास किलोमीटरांवर होती आणि आपल्या राज्यातली मोठी रुग्णालये त्याहून कितीतरी दूर. २०२० च्या मार्चअखेर कर्नाटकाने हा रस्ता बंद केला, आणि लहान वाटांवर तर मातीचे ढीग ओतले. डायलिसिसचे, हृदयविकाराचे, प्रसूतीचे रोगी नाक्यावरून परत फिरू लागले, आणि उपचार न मिळाल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शेवटी केरळच्या उच्च न्यायालयाने १ एप्रिलला केंद्र सरकारला हे अडथळे दूर करण्यास सांगितले; प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ७ एप्रिलला तेथे असे निवेदन करण्यात आले की रोग्यांना तपासून सोडण्याची रीत दोन्ही राज्यांत ठरली आहे.

या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून पाहा. ऱ्हाईनकाठी दोन राष्ट्रे होती, दोन भाषा होत्या, तीन युद्धांचे रक्त मध्ये होते. तळपाडीला एकच राष्ट्र, एकच घटना, दोन्हीकडे तुळू आणि कानडी जाणणारी माणसे. तरीही तेथे जे काम एका पत्राने झाले, ते येथे न्यायासनाच्या पायरीवर जाऊन करून घ्यावे लागले. कर्नाटकाचे अधिकारी दुष्ट होते म्हणून हे घडले असे मला वाटत नाही. कासरगोडात त्या दिवसांत रोगी झपाट्याने वाढत होते आणि मंगळूरच्या लोकांची भीती खोटी नव्हती. माझा तर्क असा की दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्याधिकाऱ्यांना एकत्र बसण्याचा प्रसंग त्यापूर्वी कोणी आणलाच नव्हता. आपल्याकडे जिल्हा वर पाहतो. बाजूला पाहण्याची त्याला सवय नाही, आणि तशी सवय लावणारे खातेही नाही.

आणि आता तोच रस्ता धरून मागे, आपल्या घरी येऊ. इकडून जाताना बांदे ओलांडले की गोव्याच्या शिवेवर पत्रादेवी लागते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोवा पोर्तुगीजांच्या अमलाखाली असताना, येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या. तेथील हुतात्म्यांचे स्मारक आजही प्रवाशाला दिसते. सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या माणसाला मोठा आजार झाला म्हणजे त्याच्यापुढे दोन वाटा असतात: घाट चढून कोल्हापूर गाठावे, किंवा सपाटीने बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. त्या महाविद्यालयाची परंपरा १८४२ च्या पोर्तुगीजकालीन वैद्यकशाळेपर्यंत मागे जाते. आणि तळकोकणातल्या कित्येक घरांत ‘बांबोळीला नेला’ एवढे म्हटले की आजार गंभीर आहे हे ऐकणाऱ्याला कळते. २०१८ च्या आरंभापासून तेथे गोव्याबाहेरच्या रोग्यांना शुल्क लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गात संताप उसळला. तो स्वाभाविक होता. पण गोव्याच्या करदात्याचा प्रश्नही, शेजारच्या राज्याने आपले रुग्णालय का बांधू नये हा, अगदीच गैरवाजवी नव्हता. साथीत तर दोन्ही बाजूंनी नाके बसले. मे २०२१ मध्ये गोव्यात येणाऱ्याला रोग नसल्याचा चाचणीचा दाखला सक्तीचा झाला आणि रोज गोव्यात चाकरीला जाणाऱ्या सीमेवरच्या तरुणांनी रोज कोणता दाखला दाखवावा हे कोणी सांगेना; त्याच महिन्यात गोव्याच्या रोग्यांचा प्राणवायू काही अंशी कोल्हापूरहून टँकरने येत होता, आणि तो पुरेसा येत नाही म्हणून गोव्याकडून गाऱ्हाणी होत होती. श्वास कोल्हापुरातून यावा आणि कामगार दोडामार्गातून येऊ नये, अशी ती अवस्था होती. या दोन राज्यांचे उच्च न्यायालय एक आहे. आरोग्याविषयी त्यांची कायमची, नियमाने बसणारी अशी एखादी संयुक्त समिती मात्र माझ्या पाहण्यात आलेली नाही.

येथे स्पेन आणि फ्रान्स यांच्या सरहद्दीवरील सेर्दान्या खोऱ्याचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. १६५९ च्या तहाने त्या खोऱ्याचे दोन तुकडे झाले. साडेतीनशे वर्षांनी, २०१४ साली, पुइग्सेर्दा येथे दोन्ही देशांनी मिळून एक रुग्णालय चालू केले. ते उभे आहे स्पेनच्या भूमीवर, त्याच्या कारभारात दोघांचा वाटा आहे, आणि हिमवर्षावात फ्रेंच बाजूच्या बाईला बाळंतपणासाठी डोंगर उतरून दूर जावे लागू नये हा त्याचा एक उद्देश आहे. त्यासाठी प्रथम दोन्हीकडच्या कायद्यांत जन्माची नोंद कोठे करावयाची आणि मृत देह सीमेपार कोणत्या कागदावर न्यावयाचा यांसारखे क्षुल्लक वाटणारे शेकडो प्रश्न सोडवावे लागले. हे प्रश्न सोडविणारी माणसे कारकून होती. सहकार्याची खरी रचना त्यांच्या टिपणांत असते, म्हणून त्या रुग्णालयाच्या प्रकरणात मी भाषणांऐवजी नमुने, तक्ते आणि अटी यांनाच अधिक जागा दिली आहे. वाचकाला ते रुक्ष वाटले तर त्याने रागावू नये, पण गाळूही नये.

हे पुस्तक विद्वानांसाठी लिहिलेले नाही. ज्यांची नेमणूक चंदगड, दोडामार्ग, देगलूर, उमरगा, तलासरी अशा शिवेवरच्या तालुक्यांत होते, आणि ज्यांना ती बहुधा शिक्षा वाटते, त्या तहसीलदारांनी, आरोग्याधिकाऱ्यांनी, ग्रामसेवकांनी ते वाचावे असा माझा आग्रह आहे. त्यांच्यापैकी ज्याच्या हाती हे पडेल त्याला माझी एकच विनंती आहे: पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी, शिवेपलीकडच्या तालुक्यातील सरकारी रुग्णालयाच्या मुख्य वैद्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का ते आठवून पाहावे, आणि नसेल तर येत्या बाजारच्या दिवशी पलीकडे जाऊन त्याला एकदा भेटून यावे.